डीजे कुठे गेला?

२०२५च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या संगीतविश्वात एका बातमीने खळबळ उडवली. 'बिलबोर्ड'च्या हॉट १०० यादीत, म्हणजे त्या देशात आठवडाभर सर्वाधिक चाललेल्या गाण्यांच्या यादीत, पहिल्या चाळीस क्रमांकांवर एकही रॅप गाणं नव्हतं. याआधी असं घडलं होतं ते १९९०च्या फेब्रुवारीत. यामागे एक नियमबदलही होता. यादीत फार काळ ठाण मांडून बसलेली गाणी लवकर बाहेर काढायचं ठरलं आणि केन्ड्रिक लमार व सिझा यांचं 'लूथर' त्या तडाख्यात गेलं. पण एवढा तपशील वाचायला फारसं कोणी थांबलं नाही. 'हिप-हॉप संपलं' असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्यांना हवा तो पुरावा हाती लागला होता. २०१७ साली याच संगीताने, आर अँड बीच्या जोडीने, रॉकला मागे टाकून अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला होता. आठ वर्षांत ही गत!

हा वाद माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चाळिशी ओलांडलेला कुठलाही रॅपवेडा माणूस गाठा. तो राकिम, नास, टुपाक, वू-टँग अशी नावं एका दमात घेईल आणि म्हणेल, आताची पोरं नुसती पुटपुटतात, शब्द कळत नाहीत, सांगायला काही नाही. मलाही काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मात्र ते शब्दांत हरवलंय असं मला वाटत नाही. ते हरवलंय शब्दांच्या मागच्या बाजूला, जिथे पूर्वी एक माणूस उभा असायचा.

आधी या तक्रारीचं वय बघू. नासने 'हिप हॉप इज डेड' नावाचा आल्बम काढला तो २००६च्या डिसेंबरात. त्याच्या दहा वर्षं आधी, १९९६ साली, डी ला सोल या त्रिकुटाने 'स्टेक्स इज हाय'मध्ये हाच सूर लावला होता. त्याच्याही आधी, १९९४ साली, शिकागोच्या कॉमनने हिप-हॉपला वाट सोडून गेलेल्या प्रेयसीचं रूप देऊन एक अख्खं गाणं रचलं. १९९४ म्हणजे तेच वर्ष, ज्या वर्षी नासचा 'इलमॅटिक' आला, बिगीचा 'रेडी टू डाय' आला. आजचे जुने रसिक ज्याला सुवर्णकाळाचा कळस म्हणतात, त्या कळसावर बसून एक उत्तम रॅपर ऱ्हासाची फिर्याद मांडत होता. तेव्हा तक्रार करणाऱ्याचा हवाला देऊन ऱ्हास सिद्ध होत नाही. आणि तक्रारीचा उगम शोधत गेलं तर माणूस थेट पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डपाशी जाऊन पोचतो. ती रेकॉर्ड समजायला तिच्याही सहा वर्षं मागे जाऊन, रेकॉर्डिंगच्या आधीचं हिप-हॉप बघायला हवं.

११ ऑगस्ट १९७३. न्यू यॉर्कचा ब्राँक्स भाग. १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या उंच इमारतीच्या तळमजल्यावरची सामाईक खोली. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी तिने पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या लावायला तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह, जमैकातल्या किंग्स्टनहून आलेला आणि पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगाला ठाऊक झालेला. हर्कच्या लक्षात आलं होतं की फंकच्या गाण्यांत एक जागा अशी येते, जिथे गाणारा थांबतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोन थांबतात आणि नुसते ड्रम उरतात. नाचणारे नेमकी तीच जागा येण्याची वाट बघत असतात. पण ती असते जेमतेम काही सेकंदांची. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी-शेजारी दोन टर्नटेबलांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा ड्रमचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू. ती वाजतेय तोवर पहिली पुन्हा तयार. काही सेकंदांचा ठेका आता हवा तितका वेळ चालू राहू शकत होता.

आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यासमोर येतात. त्या बाजूला ठेवा. ब्राँक्समधला डीजे हा वादक होता. ग्रँडमास्टर फ्लॅश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. तो तबकडीवर रंगीत खडूने खुणा करायचा, म्हणजे तुकडा कुठून सुरू होतो ते घड्याळाच्या काट्यासारखं दिसायचं. ग्रँड विझर्ड थिओडोर या शाळकरी मुलाने सुईखाली तबकडी मागेपुढे घासून त्या खरखरीलाच ताल दिला. आणि रॅपर? तो या वादकाचा मदतनीस. कोक ला रॉक माईकवरून मित्रांना नावाने हाका मारायचा, नाचणाऱ्यांना चेव आणायचा. पुढे पोस्टरवर आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर कितीतरी वर्षं नाव आधी डीजेचं यायचं. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. एरिक बी अँड राकिम. पुढे हॉलिवुडचा मोठा नट झालेला विल स्मिथसुद्धा आधी डीजे जॅझी जेफच्या मागच्या नावाने ओळखला जात होता. जुन्या रॅपवर प्रेम करणाऱ्यांनी ही नावं पुन्हा एकदा त्या क्रमाने वाचावीत. आपण ज्याला रॅपरची कला म्हणतो ती संगतीची कला होती, आणि बैठक डीजेची होती.

१९७९ साली न्यू जर्सीत सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीने तीन तरुण गोळा केले, त्यांना शुगरहिल गँग असं नाव दिलं आणि 'रॅपर्स डिलाइट' हे जवळपास पंधरा मिनिटांचं गाणं काढलं. ते जगभर गेलं. त्यात डीजे नव्हताच. शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची धून स्टुडिओतल्या वादकांनी वाजवली. तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करणारा. त्याने म्हटलेल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या. त्या इतक्या जशाच्या तशा उचललेल्या की कॅझचं टोपणनावही त्यात राहून गेलं. कॅझला श्रेय मिळालं नाही. ब्राँक्समध्ये जे लोक सहा वर्षं हे संगीत घडवत होते त्यांना ही रेकॉर्ड म्हणजे बनावट माल वाटला. हिप-हॉपची जगाला पहिली ओळख झाली तेव्हाच ज्यांनी ते जन्माला घातलं त्यांच्या मते ते बिघडलेलं होतं. आणि त्यांचं एका अर्थी बरोबर होतं. पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डनेच वादकाला बाहेर बसवलं.

ऐंशीच्या दशकात तो परत आला तो यंत्रात बसून. १९८७ साली ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर बाजारात आलं. कुठल्याही रेकॉर्डवरचा तुकडा त्यात साठवायचा आणि पॅडवर बोट मारून वाजवायचा. पण साठवणूक किती? एकूण दहा सेकंद. एका तुकड्याला फार तर अडीच. एवढ्याशा जागेत गाणं बसवायचं म्हणून पोरांनी युक्ती काढली. तेहतीसच्या वेगाची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने वाजवायची, म्हणजे लांब तुकडा कमी सेकंदांत मावतो. मग यंत्रात गेल्यावर तो पुन्हा हळू करायचा. या उलाढालीत आवाजाला एक राखट, खरबरीत पोत यायचा. नव्वदच्या दशकातल्या न्यू यॉर्कच्या रॅपमध्ये जो पोत ऐकून आजही अंगावर काटा येतो तो पुष्कळदा या काटकसरीतून आला आहे. पब्लिक एनिमीचं संगीत करणारा बॉम्ब स्क्वॉड एकावर एक तुकडे रचून सायरन, भाषणं, सॅक्सोफोनच्या किंकाळ्या यांची भिंतच उभी करायचा. डी ला सोलसोबत प्रिन्स पॉलने १९८९च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'मध्ये फंकपासून फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डपर्यंत काय काय आणून बसवलं. ज्या घरात काळ्या अमेरिकेच्या पन्नास वर्षांच्या संगीताच्या तबकड्या पडून होत्या, त्या घरातला मुलगा त्या तबकड्यांशीच बोलत होता. तोवरच्या कुठल्याही लोकप्रिय संगीताने आपल्या आई-बापांच्या पिढीशी इतक्या जवळून संवाद साधला नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

हे बंद पाडलं ते कोर्टाने. १९९०च्या त्या फेब्रुवारीत पहिल्या चाळिसाच्या उंबरठ्यावर जे रॅप गाणं उभं होतं ते होतं बिझ मार्कीचं. न्यू यॉर्कचा हा खेळकर, बेसूर गळ्याचा रॅपर सगळ्यांचा लाडका. पुढच्या वर्षी त्याने आपल्या एका गाण्यात गिल्बर्ट ओ'सुलिव्हन या गायकाच्या 'अलोन अगेन'चा तुकडा परवानगी न मिळता वापरला. खटला उभा राहिला. डिसेंबर १९९१मध्ये न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवात बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली आणि प्रकरण फौजदारी कारवाईसाठी सरकारी वकिलांकडे पाठवावं असंही म्हटलं. त्या दिवसानंतर प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी, आधी पैसे. एका गाण्यात वीस तुकडे असतील तर वीस मालकांशी बोलणी. पब्लिक एनिमीच्या चक डीने पुढे स्पष्ट सांगितलं आहे की गटाला आपला आवाज बदलावा लागला तो या खर्चापायी. ज्यांच्याकडे पैसा होता ते एकच मोठा, ओळखीचा तुकडा विकत घेऊन त्यावर गाणं उभं करू लागले. बाकीचे कीबोर्डकडे वळले. डी ला सोलची अवस्था सर्वांत वाईट. स्ट्रीमिंगचं युग आलं तरी जुन्या करारांच्या आणि सॅम्पलांच्या गुंत्यामुळे त्यांचे पहिले आल्बम तिथे येईनात. ते आले ३ मार्च २०२३ रोजी. त्रिकुटातला डेव्ह जोलिकोअर त्याआधी तीन आठवड्यांच्या आतच वारला होता. एका अख्ख्या पिढीने हे संगीत ऐकलंच नाही, आणि मग आपण त्या पिढीला म्हणतो की तुम्हाला जुनं ठाऊक नाही.

कीबोर्डकडे वळलेल्यांनी काही कमी दर्जाचं केलं असं मात्र नाही. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ठेक्याच्या यंत्राचं उत्पादन १९८३ सालीच थांबलं होतं. त्यातला तो खोल, लांबत जाणारा बासचा ठोका मायामी, मेम्फिस, अटलांटा या दक्षिणेकडच्या शहरांनी उचलून धरला. न्यू यॉर्कला दक्षिणेचं रॅप गावंढळ वाटायचं. १९९५च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये दक्षिणेतल्या आउटकास्टची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली तेव्हा त्यातल्या आंद्रे ३०००ने माईकवरून दक्षिणेची बाजू ठणकावून मांडली. पुढची तीस वर्षं दक्षिणेचीच ठरली. २०१३ साली मिगोसचं 'व्हर्साची' आलं आणि तिस्र अंगाने पडणारे शब्द सगळीकडे झाले. एका ठोक्यात तीन अक्षरं, धावत्या घोड्यासारखी. ही चाल मेम्फिसच्या आणि क्लीव्हलँडच्या गटांनी नव्वदच्या दशकातच वापरली होती. मग आले फ्युचर आणि यंग थग. शब्द अर्धे गिळलेले, ऑटो-ट्यूनमधून वितळून आलेले. पुटपुटण्याचा आरोप मुख्यतः यांच्यावर.

या आरोपाशी माझं भांडण आहे. मराठी माणूस तराणा ऐकताना 'ना दिर दिर दानी'चा अर्थ विचारत नाही, आणि तरी तिथे गळा काय सांगतो ते त्याला कळतं. यंग थग ऐकताना मी तसा बसतो. एकाच कडव्यात तो तीन-चार गळे बदलतो, चिरका, कुजबुजता, रडवेला. ही कसबाची उणीव नाही. राकिमने सॅक्सोफोनचे धडे रॅपमध्ये आणून ओळीच्या पोटात यमकं पेरली, ते कसब शब्दांच्या जागांचं होतं. हे गळ्याच्या जागांचं आहे. शब्दसंपत्तीच मोजायची तर तेही करून झालं आहे. मॅट डॅनियल्स या विश्लेषकाने २०१४ साली अनेक रॅपरांचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यात वेगवेगळे किती ते मोजले. सर्वांत वर आला एसॉप रॉक, ७,३९२ शब्दांसह. तो रेडिओवर कधी फारसा वाजलाच नाही. सर्वांत खाली होता डीएमएक्स. डीएमएक्स नव्या पिढीचा नव्हे. १९९८ या एकाच वर्षात आलेले त्याचे दोन आल्बम पहिल्या क्रमांकावर गेले होते आणि त्याच्या गुरगुरण्यावर, त्याच्या प्रार्थनांवर जुने रसिक अजून जीव टाकतात. शब्द मोजून काही निकाल लागत नाही.

शिवाय ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्यात बायका कुठे होत्या? एमसी लाइट, क्वीन लतीफा, सॉल्ट-एन-पेपा अशी मोजकी नावं, आणि गाजलेल्या पुरुषांच्या गाण्यांत बायकांसाठी जे शब्द होते ते मला आज मुलीबरोबर बसून ऐकवत नाहीत. २०२५च्या ग्रॅमीत सर्वोत्तम रॅप आल्बमचा मान डोइचीला मिळाला. लॉरिन हिल आणि कार्डी बी यांच्यानंतरची ती तिसरीच स्त्री. आणि तिच्या कार्यक्रमात तिची डीजे, मिस मिलान, ठळकपणे शेजारी असते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मग हरवलं ते काय? सॅम्पलरमधून हुसकावलेला डीजे दोन ठिकाणी अजून तग धरून होता: रेडिओवर आणि मिक्सटेपवर. कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो ही जोडी नव्वदच्या दशकात मध्यरात्रीनंतर कार्यक्रम करायची. नास, बिगी, जे-झी, वू-टँग यांना मोठ्या कंपन्यांनी उचलण्याआधी किंवा त्याच सुमारास तिथे माईक मिळाला. त्या दोघांना कोणी यादी देत नव्हतं. कान हीच यादी. १९९६ साली अमेरिकेत दूरसंचार कायदा बदलला आणि एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनेलसारखी कंपनी काही वर्षांत हजारावर केंद्रांची मालक झाली. गावोगावच्या डीजेच्या हातातली निवड गेली आणि एकाच कचेरीत बनलेली यादी शहरोशहरी वाजू लागली. 'पूर्वी प्रत्येक शहराचं रॅप वेगळं ओळखू यायचं' असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि त्याचं कारण रॅपरांच्या प्रतिभेत शोधण्यात अर्थ नाही.

मिक्सटेपचं जग अटलांटात बहरलं. डीजे ड्रामाच्या मिक्सटेप रस्त्यावर, सलूनमध्ये, गाडीच्या डिकीतून विकल्या जायच्या. दुसऱ्यांच्या बीटवर रॅपर आपले शब्द टाकायचे, डीजे मध्येच ओरडायचा, थांबवायचा, पुन्हा लावायचा. लिल वेन हा रॅपर म्हणून खरा मोठा झाला तो या मिक्सटेपवर. रेकॉर्ड कंपन्या स्वतःच आपल्या कलावंतांची गाणी ड्रामाला पोचवत. आणि तरी जानेवारी २००७मध्ये कंपन्यांच्या संघटनेच्या साथीने पोलिसांनी त्याच्या स्टुडिओवर धाड घातली, हजारो सीडी जप्त केल्या आणि संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली त्याला अटक केली. हे घडलं अटलांटाच्या फुल्टन काउंटीत. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, त्याच काउंटीत तशाच कायद्याखाली यंग थगवर खटला उभा राहिला आणि त्यात त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून वाचल्या गेल्या. शेवटी २०२४च्या ऑक्टोबरात त्याने काही आरोप कबूल केले तेव्हा तो बाहेर आला. कॅलिफोर्नियाने याच काळात गाण्यांच्या ओळी कोर्टात वापरण्यावर बंधनं आणणारा कायदा केला, ही चांगली गोष्ट. गाण्यावरून पोलीस दारात येणं आपल्यालाही परकं नाही. २०२३ साली महाराष्ट्रात रॅप गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले होते.

आता आजच्या पद्धतीकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. यूट्यूबवर जा आणि एखाद्या मोठ्या रॅपरचं नाव लिहून पुढे 'टाइप बीट' असं टाका. त्या रॅपरच्या धाटणीचे हजारो तयार ठेके समोर येतील. दर काही सेकंदांनी मध्येच बनवणाऱ्याचं नाव उच्चारलं जातं, म्हणजे फुकट कोणी वापरू नये. दुव्यावर जाऊन वीस-तीस डॉलर भरले की नावाचा शिक्का नसलेली प्रत मिळते. पण ती भाड्याने. तोच ठेका उद्या आणखी पन्नास जण घेऊ शकतात. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या कोवळ्या मुलाने असाच एक ठेका विकायला ठेवला होता. त्यात नाइन इंच नेल्स या बँडच्या एका धुनेचा बँजोसारखा तुकडा होता. अटलांटाजवळच्या एका मुलाने तो तीस डॉलरला घेतला. तो लिल नॅस एक्स. 'ओल्ड टाउन रोड' हे दोन मिनिटांहून छोटं गाणं २०१९ साली एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तोवरचा विक्रम मोडून. गाणं तयार झालं तेव्हा ही दोन मुलं एकमेकांना भेटलेली नव्हती. २०१६ साली पहिल्या क्रमांकावर गेलेल्या डिझायनरच्या 'पांडा'चा ठेकाही असाच, इंग्लंडमधल्या मेनस या निर्मात्याकडून इंटरनेटवरून दोनशे डॉलरला घेतलेला.

यात वाईट काय? गरीब घरातल्या मुलाला स्टुडिओ लागत नाही, कंपनी लागत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली इंटरनेटवरून उतरवलेल्या ठेक्यावर आयपॅडच्या जोरावर 'आफत' केलं, आणि तिथून मुंबईच्या गल्लीतल्या रॅपला पाय फुटले. ते दार बंद व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण भाड्याच्या ठेक्यावर रॅपर एकटा असतो. 'ही ओळ लांबली', 'इथे थांब', 'हे मागच्या गाण्यासारखं झालं' असं म्हणणारं कोणी खोलीत नसतं. रॅपर थांबला तरी ठेका त्याच्यासाठी थांबत नाही. त्यात स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजलं जातं. मग सुरुवातीलाच सगळं ओतायचं, गाणी आखूड करायची आणि आल्बममध्ये पंचवीस-तीस घालायची. गटही गेले. रन-डीएमसी, पब्लिक एनिमी, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, वू-टँग, आउटकास्ट अशी नावं आठवा आणि आजच्या पहिल्या फळीतले गट मोजून बघा. मिगोसनंतर हात अडखळतो. आपल्याकडे मुंबईत स्वदेसीसारखा गट टिकून आहे, एमसी मवालीचं मराठी आणि अमरावतीच्या हंड्रेड आरबीएचचं वऱ्हाडी त्यात शेजारी-शेजारी बसतं. २०१९च्या 'वारली रिव्होल्ट'मध्ये त्यांनी आरेच्या जंगलासाठी लढणाऱ्या प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. ते गाणं ऐकताना एकापेक्षा जास्त माणसं एका जागी असल्याचं जाणवतं.

म्हणून माझी फूटपट्टी सालाची नाही, संगतीची आहे. निर्माता मेट्रो बूमिन शाळेत होता तेव्हा त्याची आई त्याला सेंट लुईसहून अटलांटाला गाडीने घेऊन जायची, आठ-नऊ तासांचा रस्ता, का तर तिथल्या रॅपरांबरोबर त्याला प्रत्यक्ष बसता यावं. पुढे त्याने आणि फ्युचरने जे केलं ते ऐका. २०१७च्या 'मास्क ऑफ'मधली बासरी १९७०च्या दशकातल्या, नागरी हक्कांच्या चळवळीवरच्या 'सेल्मा' नावाच्या संगीतिकेतली आहे. हर्कने केलं तेच हे, जुन्या तबकडीतला विसरलेला तुकडा उचलून नव्या पोरांच्या पायांत घालणं. आणि हे करणारी जोडी त्या तथाकथित पुटपुट्यांची. फ्रेडी गिब्ज आणि मॅडलिब, बफेलोचे ग्रिझेल्डावाले आणि त्यांचे ठरलेले निर्माते, फॅरेलबरोबर बसून २०२५ साली परतलेले क्लिप्स: आजचं जे रॅप मला जुन्याच्या तोडीचं वाटतं त्याच्या मागे बहुतेक वेळा एक ठरलेली संगत आहे. खुद्द नासला सर्वोत्तम रॅप आल्बमचं ग्रॅमी मिळालं ते २०२१ साली, निर्माता हिट-बॉयबरोबर केलेल्या 'किंग्ज डिसीज'साठी. या दोघांनी २०२० ते २०२३ या काळात सहा आल्बम केले. हिप-हॉप मेलं असं जाहीर करणाऱ्या माणसाची ही कामगिरी आहे.

माझ्या म्हणण्याला खोडून काढणारी उदाहरणंही समोर ठेवायला हवीत. 'इलमॅटिक'चे निर्माते एक नव्हे, पाच-सहा होते. डीजे प्रीमिअर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. एक रॅपर-एक निर्माता हा रिवाज मोडायला खरी चालना याच आल्बमने दिली. पण ते सगळे न्यू यॉर्क परिसरात काम करणारे, एकमेकांच्या कामावर नजर ठेवून असलेले. नासचे वडील, जॅझ वादक ओलू दारा, एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजवून जातात. ती खोली भरलेली होती. त्याहून अवघड उदाहरण ताजं आहे. केन्ड्रिक लमारचं २०२४चं 'नॉट लाइक अस' हे या दशकातलं सर्वांत गाजलेलं रॅप गाणं. त्याने २०२५च्या ग्रॅमीत पाच पुरस्कार घेतले. या गाण्याचा ठेका मस्टर्ड या निर्मात्याचा. मस्टर्ड केन्ड्रिकला फोनवरून ठेके पाठवत राहिला होता, आणि त्यातल्या एकाचं हे गाणं झालं हे त्याला कळलं ते गाणं बाहेर आल्यावर. म्हणजे खोली नाही, बैठक नाही, काहीच नाही. यावर मी बराच विचार केला. मस्टर्ड लहानपणापासून लॉस एंजेलिसच्या पार्ट्यांत डीजेचं काम करत वाढला. कुठल्या ठोक्यावर त्या शहरातली माणसं उठून उभी राहतात हे तो समोर बघून शिकला आहे. ठेका फोनवरून गेला असेल, पण त्यातली जाण हजारो नाचणाऱ्यांच्या समोर उभं राहून आलेली. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये केन्ड्रिकने त्याला मंचावर आणलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

या संगीतासाठी काही करायचं असेल तर ते कायद्यात करायला हवं. अमेरिकेत १९०९पासून दुसऱ्याचं एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कोणीही नव्याने गाऊन रेकॉर्ड करू शकतो. परवानगीसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, ठरलेला दर भरला की झालं. त्याच गाण्यातले दोन सेकंदांचे ड्रम उचलायचे तर मात्र गाण्याचा मालक आणि रेकॉर्डिंगचा मालक दोघांची मर्जी लागते आणि ते मागतील तो आकडा. सॅम्पललाही ठरलेला दर लावा, ही मागणी गेली अनेक वर्षं होते आहे आणि मला ती सोळा आणे पटते. विरोधक म्हणतात, मूळ कलावंताचं काय? जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'वरचा ड्रमचा तुकडा हिप-हॉपमध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक. तो वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड २०१७ साली वारला. गीतकार म्हणून नाव ब्राउनचं होतं, त्यामुळे त्या तुकड्याच्या परवान्यांतून स्टबलफील्डला हक्काचा हिस्सा कधी मिळाला नाही. 'आमेन, ब्रदर' या १९६९च्या गाण्यात काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत गेला. नवा दर ठरेल तेव्हा त्यातला एक भाग वाजवणाऱ्याच्या नावावर पडावा, नुसत्या मालकाच्या नव्हे. १९९१च्या निकालाने ज्यांच्या मेहनतीचं रक्षण केलं असं सांगितलं जातं, त्यांत हे दोघे कधीच नव्हते.